सत्तावीस बंदुका आणि लाल टोपी

2010 च्या अखेरीस कंपालातल्या रेडिओवर एक नवा रॅपर वाजू लागला. वय साठीच्या पुढे, डोक्यावर रुंद काठाची हॅट, बोलणं शाळामास्तरासारखं सावकाश. प्रचारसभेत तरुणांपुढे बोलता बोलता त्याने आपल्या रुन्यांकोले भाषेतली, लहानपणी पाठ झालेली ठेक्याची गाणी म्हणून दाखवली होती. कुणा हुशार माणसाने त्या आवाजाखाली ताल भरला आणि 'यू वॉन्ट अनदर रॅप' या नावाने ते गाणं नाइट क्लबांपर्यंत जाऊन पोचलं. रॅपरचं नाव योवेरी कागुटा मुसेवेनी, हुद्दा राष्ट्राध्यक्ष, युगांडा. अनुभव जवळजवळ पंचवीस वर्षांचा. फेब्रुवारी 2011 च्या निवडणुकीत त्यांना 68 टक्के मतं पडली. ती रॅपमुळे पडली असं कुणी म्हणणार नाही. पण म्हाताऱ्याची हौस म्हणून सोडून द्यावं असंही ते गाणं नव्हतं. देशातल्या चारांपैकी तिघांचं वय तिशीच्या आत होतं. या पोरांपर्यंत जाणारा रस्ता गाण्यातून जातो, हे मुसेवेनींनी ओळखलं होतं.

त्याच शहरात तेव्हा स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणवणारा आणखी एक गायक होता. त्याचं राज्य मात्र एका झोपडपट्टीपुरतं होतं.

युगांडा म्हटलं की आपल्या मागच्या पिढीला आठवतो तो हुकूमशहा इदी अमीन आणि 1972 साली त्याने हाकलून दिलेले हजारो भारतीय वंशाचे लोक. या लोकांना परत बोलावून त्यांच्या जप्त मालमत्ता परत देण्याचं काम मुसेवेनींनी केलं. त्यांच्याबद्दल काही बरं बोलायचं तर यादी लहान नाही. अमीन आणि ओबोटे यांच्या काळातल्या कत्तलींनंतर देशाच्या दक्षिण भागात लोक रात्री निवांत झोपू लागले, बाजार उघडले, एड्सविषयी उघडपणे बोलणाऱ्या आफ्रिकेतल्या पहिल्या सरकारांपैकी एक त्यांचं होतं. त्यांची कथा हीच त्यांची सत्ता होती. म्हणून ती कथा आधी सांगायला हवी.

डिसेंबर 1980. अमीन पळून गेल्यानंतरची पहिली निवडणूक. छत्तीस वर्षांचे मुसेवेनी एका नव्या, छोट्या पक्षाचे नेते म्हणून उभे राहिले. पक्षाला सगळ्या देशात एकच जागा मिळाली आणि ती मुसेवेनींची नव्हती. त्यांना त्यांच्याच मतदारसंघात सॅम कुटेसा यांनी हरवलं. (हे कुटेसा पुढे मुसेवेनींचे परराष्ट्रमंत्री झाले, शिवाय व्याहीही. राजकारणात पराभवाचे हिशेब असेही मिटतात.) सत्तेवर आलेल्या मिल्टन ओबोटे यांच्या पक्षाने निवडणूक चोरली, असं म्हणत मुसेवेनी जंगलात गेले. 6 फेब्रुवारी 1981 ला चाळीसेक माणसं कबांबाच्या लष्करी छावणीवर चालून गेली. त्यांच्याकडे सत्तावीस बंदुका होत्या. या आकड्याला युगांडात आज पुराणातल्या आकड्यासारखी प्रतिष्ठा आहे. पहिली गोळी झाडली एली टुमविने यांनी. माणूस मूळचा चित्रकार, मकेरेरे विद्यापीठात शिकलेला. पुढे याच युद्धात त्यांचा एक डोळा गेला. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

पुढची पाच वर्षं लढाई झाली ती राजधानी कंपालाच्या उत्तरेला, लुवेरोच्या त्रिकोणात. हा मुलूख बुगांडाचा, गांडा लोकांचा. मुसेवेनी त्यांच्यातले नव्हेत, ते पश्चिमेकडच्या अंकोलेचे. तरीही गांडा शेतकऱ्यांनी बंडखोरांना जेवू घातलं, लपवलं, मुलं दिली. ओबोटेच्या सैन्याने त्याची किंमत वसूल केली. युद्धानंतर लुवेरोत रस्त्याच्या कडेला कवट्यांचे ढीग लागले होते. 26 जानेवारी 1986 ला कंपाला पडलं. तीन दिवसांनी संसदेच्या पायऱ्यांवर शपथ घेताना मुसेवेनींनी सांगितलं की ही नुसती पहारेकऱ्यांची अदलाबदल नाही, हा मुळातून झालेला बदल आहे. आफ्रिकेचं खरं दुखणं म्हणजे खुर्ची न सोडणारे नेते, असंही ते त्या काळात सांगत. झोपडपट्टीचा तो गायक, रॉबर्ट क्यागुलानी सेंटामू, त्या वेळी चार वर्षांचाही नव्हता.

लुगांडा भाषेत 'क्य' हा उच्चार जवळजवळ 'च'सारखा होतो, त्यामुळे कंपालात त्याला चागुलानी म्हणतात. आणि जिथे तो वाढला ती वस्ती लिहायची कम्वोक्या, म्हणायची कामोचा. शहराच्या मधोमध, श्रीमंत टेकडीच्या पायथ्याशी असलेली ही दाट वस्ती. टेकडीवरचं पाणी पावसाळ्यात गटारांतून खाली घरांत येतं. आई परिचारिका. पोरगा शिकला; मकेरेरेत संगीत, नृत्य आणि नाट्य हा विषय घेऊन 2003 मध्ये पदविका मिळवली. पण राहिला कम्वोक्यातच, तिथेच स्टुडिओ थाटला, टोळक्याला नाव दिलं 'फायर बेस क्रू' आणि स्वतःला बॉबी वाइन. रेगेचा ठेका, लुगांडातले शब्द आणि मागे 'कडोंगो कामू'चा संस्कार. हा बुगांडाचा जुना गानप्रकार आहे: एकटा माणूस, एक गिटार, आणि सावकाश उलगडत जाणारी गोष्ट. ऐकणाऱ्याला शब्दांचा चिमटा बसला पाहिजे. आपल्या शाहिराला त्याची गंमत लगेच कळेल.

या टोळक्याने गमतीगमतीत एक सरकारही बनवलं. बॉबी वाइन 'घेट्टोचे राष्ट्राध्यक्ष', नावाआधी 'महामहिम'. त्याचा सोबती बुचामन उपराष्ट्राध्यक्ष. पत्नी बार्बी अर्थातच प्रथम महिला. प्रतिस्पर्धी गायक बेबे कूल आणि होजे कमिलिओन यांच्याशी गाण्यांतून भांडणं, महागड्या गाड्या, गांजाचा धूर, सगळं होतं. त्या काळातल्या काही गाण्यांत समलिंगी लोकांविरुद्ध इतकं विखारी बोलणं होतं की 2014 मध्ये ब्रिटनने त्याला व्हिसा नाकारला. पुढे त्याची भाषा बदलली, पण ही गाणी पुसली गेली नाहीत. त्याचे चाहते हा भाग घाईने ओलांडतात. मला तो ओलांडावासा वाटत नाही. पुढाऱ्याची मूर्ती नंतर घडते, माणूस आधीचाच असतो.

गाण्यात राजकारण आलं ते फेरीवाल्यांच्या वाटेने. 2011 मध्ये मुसेवेनींनी कंपालाचा कारभार जेनिफर मुसिसी या कडक अधिकारी बाईंकडे सोपवला. शहर स्वच्छ झालं, म्हणजे पदपथावरच्या बायकांच्या टोपल्या उचलल्या गेल्या आणि टपऱ्या पाडल्या गेल्या. 2012 मध्ये बॉबी वाइनने त्यावर गाणं केलं: आमच्या वतीने जेनिफरला जाऊन सांगा, असं आर्जव करणारं. त्यात घोषणा नव्हती, शिवी नव्हती. पण टोपली उचलली गेलेल्या बाईचं नाव-गाव नसलेलं दुःख रेडिओवर आलं. 'घेट्टोचा राष्ट्राध्यक्ष' ही थट्टा तिथपासून थोडी कमी थट्टा वाटू लागली.

2016 च्या निवडणुकीआधी मुसेवेनींनी रॅपचा प्रयोग स्वतः पुन्हा केला नाही, तो बाहेर कामाला दिला. देशातले बहुतेक मोठे गायक एकत्र आले आणि 'टुबोंगा नावे', म्हणजे 'आम्ही तुमच्या सोबत आहोत', हे गाणं निघालं. कमिलिओन होता, बेबे कूल होता. चाहते चिडले, काहींनी या गायकांच्या कार्यक्रमांवर बहिष्काराची भाषा केली. बॉबी वाइन त्या गाण्यात नव्हता. निवडणूक मुसेवेनींनीच जिंकली. त्यांच्यासमोर चौथ्यांदा उभे राहिलेले डॉक्टर किझा बेसिग्ये हे जंगलातल्या दिवसांत त्यांचेच वैद्य होते. 2001 आणि 2006 या दोन्ही निवडणुकांत गैरप्रकार झाल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं होतं, पण निकाल रद्द केला नव्हता. युगांडातली निवडणूक म्हणजे तोपर्यंत एका जंगलातून बाहेर आलेल्या दोन माणसांचं घरचं भांडण होतं.

मग क्याडोंडो पूर्व. कंपालाला लागून असलेल्या या मतदारसंघाची निवडणूक न्यायालयाने रद्द केली आणि जून 2017 मध्ये पोटनिवडणूक लागली. बॉबी वाइन अपक्ष उभा राहिला. संसद घेट्टोपर्यंत येत नसेल तर घेट्टोच संसदेत जाईल, असं तो सांगत गल्लीबोळ फिरला. सत्ताधारी उमेदवारासाठी स्वतः मुसेवेनी आले, विरोधी पक्षाच्या उमेदवारासाठी बेसिग्ये आले. 29 जूनला मतमोजणी झाली तेव्हा गायकाला पंचवीस हजारांवर मतं होती आणि सत्ताधाऱ्यांचा माणूस पाच हजारांच्या आतच अडकला होता. जंगलातून आलेले दोघेही एकाच दिवशी हरले.

खासदार होऊन तीन महिने होतात न होतात तोच संसदेत खुर्च्या उडाल्या. राष्ट्राध्यक्षपदासाठी पंचाहत्तरीची वयोमर्यादा घटनेत होती. 2005 मध्ये मुदतींची मर्यादा काढली गेली तेव्हा खासदारांना प्रत्येकी पन्नास लाख शिलिंग 'खर्चापाण्याला' मिळाले होते. आता मर्यादा काढायची होती वयाची, आणि महागाई पाहता या वेळी दर होता दोन कोटी नव्वद लाख, कारण दिलं होतं मतदारांशी सल्लामसलतीचं. सप्टेंबरमध्ये विरोधकांनी गोंधळ घातला, साध्या वेशातली माणसं सभागृहात शिरली आणि विरोधी खासदारांना ओढत बाहेर नेलं. डिसेंबरमध्ये 317 विरुद्ध 97 मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. विरोध करणाऱ्या पोरांनी डोक्याला लाल कापड बांधलं होतं. त्या लाल कापडाची पुढे लाल बेरे टोपी झाली आणि चळवळीला नाव मिळालं 'पीपल पॉवर'. 2018 मध्ये सरकारने समाजमाध्यमांवर रोज दोनशे शिलिंग कर बसवला, कारण तिथे नुसतं 'लुगांबो' चालतं, म्हणजे चुगल्या, असं मुसेवेनींचं मत होतं. बोडाबोडा चालवणाऱ्या, म्हणजे मोटरसायकलवर भाड्याने माणसं वाहणाऱ्या पोराला त्या दोनशेचा अर्थ बरोबर कळला.

एकामागून एक पोटनिवडणुका येत होत्या आणि बॉबी वाइन ज्याच्या बाजूने उभा राही तो निवडून येत होता. 13 ऑगस्ट 2018 ला उत्तरेकडच्या अरुआत अशाच एका प्रचाराचा शेवटचा दिवस होता. मुसेवेनीही शहरात होते. त्यांच्या ताफ्यावर दगड आले, असं सरकारने सांगितलं. संध्याकाळी बॉबी वाइनचा चालक यासिन कवुमा याला गाडीत बसलेला असताना गोळी लागून तो जागीच गेला. बॉबी वाइनने रक्ताने माखलेल्या त्याच्या देहाचं छायाचित्र ट्विटरवर टाकलं आणि ही गोळी माझ्यासाठी होती असं लिहिलं. त्यानंतर तो काही दिवस जगाला दिसला नाही. दिसला तो आधी लष्करी न्यायालयात बंदूक बाळगल्याच्या आरोपावर, मग तो आरोप मागे घेऊन लगेच लावलेल्या देशद्रोहाच्या खटल्यात, कुबड्यांवर. लष्कराने छळाचा आरोप नाकारला. जामीन मिळाल्यावर तो उपचारांसाठी अमेरिकेला गेला तो चाकांच्या खुर्चीत. तोवर गायक क्रिस मार्टिनपासून लेखक वोले सोयिंकांपर्यंत अनेकांनी त्याच्या सुटकेच्या पत्रकावर सह्या केल्या होत्या. अरुआची जागा त्याचाच उमेदवार जिंकला, तोही तुरुंगात असताना.

माझ्या मते मुसेवेनी आणि बॉबी वाइन यांच्यातली खरी लढाई अरुआनंतर सुरू झाली, आणि ती फक्त लाठ्यांची नव्हती. मुसेवेनी तरुणांना 'बझुकुलू' म्हणतात, म्हणजे नातवंडं. आजोबा नातवंडांना चोप देतात तसा खाऊही देतात. 2019 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी घेट्टोच्या प्रश्नांवर एक खास दूत नेमला. कोण? तर बुचामन. घेट्टोच्या त्या गमतीच्या सरकारचा उपराष्ट्राध्यक्ष आता खऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या पगारावर आला. आणखी काही गायकांना सल्लागारपदं मिळाली. दुसरीकडे बॉबी वाइनचे कार्यक्रम एकामागून एक बंद पाडले गेले. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या त्याच्या स्वतःच्या बुसाबाला इथल्या किनाऱ्यावरही पोलिसांनी गाऊ दिलं नाही. गायकाला गाण्यावाचून ठेवणं म्हणजे शेतकऱ्याची जमीन घेणं. सप्टेंबर 2019 मध्ये राजपत्रात लाल बेरे टोपी लष्करी पोशाखाचा भाग म्हणून जाहीर झाली. ती घालणारा नागरिक आता थेट लष्करी कायद्याच्या कचाट्यात.

24 जुलै 2019 ला त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहणार असल्याचं सांगितलं, आणि पुढच्या वर्षी 'नॅशनल युनिटी प्लॅटफॉर्म' हा पक्ष हाती घेतला. चिन्ह छत्री. 3 नोव्हेंबर 2020 ला अर्ज भरून बाहेर पडताच पोलिसांनी उचललं. 18 नोव्हेंबरला लुकामध्ये करोनाचे नियम मोडले म्हणून पुन्हा. त्या बातमीने कंपाला पेटलं. टायर जळाले, रस्ते अडले, आणि साध्या कपड्यातली माणसं गाड्यांतून रायफली रोखून फिरताना दिसली. दोन दिवसांत मेलेल्यांचा सरकारी आकडाच 54 आहे. त्यांतले बरेच जण निदर्शकही नव्हते, दुकानाच्या दारात किंवा घरी जायच्या वाटेवर उभे होते.

त्याच दिवसांत सुरक्षामंत्री टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर आले आणि म्हणाले की हिंसा एका मर्यादेपलीकडे गेली तर पोलिसांना तुम्हाला गोळी घालून मारण्याचा अधिकार आहे. मंत्री वृद्ध होते, एका डोळ्याने अधू. जनरल एली टुमविने. चोरलेल्या निवडणुकीविरुद्ध पहिली गोळी झाडणारा तोच चित्रकार.

बॉबी वाइन आता हेल्मेट आणि गोळीरोधक जाकीट घालून भाषणं करत होता. रात्री हॉटेलवाले खोली द्यायला घाबरत, म्हणून गाडीत झोपत होता. 27 डिसेंबरला त्याचा अंगरक्षक फ्रँक सेंटेझा लष्करी पोलिसांच्या ट्रकखाली गेला. वस्त्यांमधून पोरं गायब होत होती. बिननंबरच्या टोयोटा हायएस गाड्या यायच्या, माणसाला आत ओढायच्या आणि जायच्या. या गाड्यांना लोकांनी नाव ठेवलं 'ड्रोन'. हा शब्द ऐकून आपल्याला आकाश आठवतं. कंपालाच्या आईला मात्र रस्त्याचं टोक आठवतं.

13 जानेवारी 2021 च्या संध्याकाळी देशातलं इंटरनेट बंद झालं. 14 तारखेला मतदान. 16 ला निकाल: मुसेवेनी 58.64 टक्के, क्यागुलानी 34.83. मतपेट्यांत काय घडलं ते केंद्राकेंद्रावर फोन घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी टिपलं असं पक्षाचं म्हणणं होतं, पण इंटरनेटच नसेल तर टिपलेलं पाठवायचं कुठे? पुढे 1 फेब्रुवारीला त्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि तीन आठवड्यांनी न्यायाधीशांवर विश्वास नाही म्हणून मागेही घेतली. त्याच्या पक्षातही काहींना ते पटलं नाही. मला वाटतं, 2001 आणि 2006 चे निकाल वाचलेल्या माणसाने याचिका केली याचंच अधिक नवल वाटायला हवं.

निकालात एक गोष्ट मात्र चोरता आली नव्हती, किंवा चोरायची राहून गेली. तिचा हिशेब संसदेत दिसला. चार वर्षांपूर्वी एक अपक्ष खासदार होता, आता पक्षाचे 57 होते आणि तो देशातला सर्वांत मोठा विरोधी पक्ष बनला होता. यांतले बहुतेक बुगांडातून आले. उपराष्ट्राध्यक्ष एडवर्ड सेकांडी हरले, मंत्री हरले. लुवेरो जिल्ह्यातल्या सगळ्या जागा छत्रीने घेतल्या. ज्या गावांनी सत्तावीस बंदुकांना जेवू घातलं, कवट्या मोजल्या आणि पस्तीस वर्षं मुक्तीची कथा ऐकली, त्यांच्याच नातवंडांनी कथाकाराला पाठ दाखवली. त्यात नुसता गायकाचा करिष्मा नव्हता. 2009 मध्ये बुगांडाच्या राजाला, काबाकाला, त्याच्याच मुलखात जाण्यापासून सरकारने अडवलं होतं आणि त्यावरून उसळलेल्या दंगलीत माणसं मेली होती. जमिनींचे वाद होते, बेकारी होती. गायकाने या रागाला चाल लावली.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी कंपालाच्या उत्तरेला मागेरे इथल्या त्याच्या घराला सैनिकांनी वेढा घातला. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. अमेरिकेच्या राजदूत भेटायला आल्या तर त्यांनाही परत पाठवलं. हे सगळं त्याच्या सुरक्षेसाठी आहे, असं सरकार सांगत होतं. अकरा दिवस गेले. 25 जानेवारीला उच्च न्यायालयाने निकाल दिला की घर म्हणजे तुरुंग नव्हे. आरोप असेल तर न्यायालयात आणा, नसेल तर उठा.

सैनिक दुसऱ्या दिवशी उठले. तारीख होती 26 जानेवारी. कंपाला पडल्याला त्या दिवशी बरोबर पस्तीस वर्षं झाली होती, आणि मुक्तिदिन म्हणून सगळ्या देशाला सुट्टी होती.